सगळं अंगावर येतंय तेव्हा: समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

"तिथे गेलं की सगळं सांगावं लागेल, आणि ते सांगायची माझ्यात ताकद नाही." समुपदेशनासाठी पहिला फोन करणाऱ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. अनेकांचा फोन करायचाच राहून जातो, तोही याच भीतीने. म्हणून सुरुवातीलाच सांगते: सगळं सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी तर नाहीच, आणि काही गोष्टी कधीच सांगितल्या नाहीत तरी समुपदेशनाचा उपयोग होतो. हल्ली ज्याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे माणसाने सोसलेला आघात ध्यानात ठेवून केलेलं, समुपदेशन म्हणतात त्याचा पायाच हा आहे. आधी माणूस सावरतो, मग हवं तर बोलणं पुढे सरकतं. किती बोलायचं, कधी बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे तुमच्या हातात असतं.

हा लेख मोठ्या माणसांसाठी आहे. नोकरी, घर, मुलं, आजारी आईवडील हे सगळं बाहेरून नीट चाललेलं असतं आणि आतून मात्र कधी बांध फुटेल सांगता येत नाही, अशा माणसांसाठी.

आज रात्रीचाच प्रश्न असेल तर

मरणाचे विचार येत असतील किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक लावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. फोन लागल्यावर भाषा विचारतात, मराठी निवडा. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. घरात गोळ्यांचा साठा असेल, शेतीचं औषध असेल, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. एखाद्या जवळच्या माणसाला "आज मला एकटं सोडू नकोस" एवढंच म्हणा. कारण सांगायची गरज नाही.

पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने अनेक जण गप्प बसतात. मनात विचार येणं हा गुन्हा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालायचं. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलंच नाही.

हे नक्की काय होतंय

दाराची बेल वाजली की काळजात धस्स होतं. साधी बेरीज चुकते. मुलाने पाणी सांडलं एवढ्यावरून आपण इतके ओरडतो की नंतर आपलीच आपल्याला लाज वाटते. काहींचं याच्या उलट होतं: रडू येत नाही, राग येत नाही, डोकं बधिर होतं आणि आपण आपल्यातच नाही असं वाटतं.

धोका दिसला की मेंदू शरीराला लढा, पळा किंवा गोठून जा असा हुकूम देतो. हृदय जोरात धडधडतं, श्वास वरवर होतो, पोट आवळतं आणि शांतपणे विचार करणारा भाग तेवढ्यापुरता मागे पडतो. धोका टळला की हे ओसरायला हवं. मोठ्या आघातानंतर, किंवा वर्षानुवर्षं धास्तीत काढल्यावर, ते पुरतं ओसरत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन फिरवलेल्या माणसाला आजही रुग्णवाहिकेचा सायरन ऐकून घाम फुटू शकतो. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरकडे ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्यापैकी कुणाची जुलैतली संततधार लागली की झोप उडत असेल. यात मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही.

आघात म्हणजे दरवेळी अपघात किंवा पूरच असतो असंही नाही. दारू पिऊन येणाऱ्या बापाच्या पावलांचा कानोसा घेत मोठं होणं, लग्नानंतर वीस वर्षं रोज टोमणे ऐकणं, जातीवरून हिणवलं जाणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं एकट्याने करणं, सावकाराचे फोन चुकवत दिवस काढणं, हे सगळं शरीर साठवत जातं. अमेरिकेत फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. लहानपणी असे त्रासाचे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. त्यामुळे "लोकांचं किती वाईट असतं, माझं ते काय एवढं" ही तुलना बाजूला ठेवा. झोप, काम, जेवण किंवा माणसांशी वागणं बिघडलंय, एवढं कारण पुरेसं आहे.

कधी जायचं? एखादी भयंकर घटना घडल्यावर पहिले काही आठवडे झोप न लागणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांचं होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही निवळत नसेल, किंवा वाढतच चाललं असेल, तर जा. त्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एकदा थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. धडधड, थकवा, चिडचिड यांच्या मागे कधी कधी तेही असतं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी पाळीतले बदलही डॉक्टरांना सांगावेत. आणि छातीत दुखत असेल तर ते टेन्शन आहे असं स्वतःच ठरवू नका, आधी ईसीजी काढा.

मेडिकलमधून ओळखीवर झोपेची गोळी आणणं मात्र टाळा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी या गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१३ पासूनचं मार्गदर्शन आहे. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात.

कोणाकडे जायचं

पाट्या बऱ्याच असतात आणि गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. या पाट्यांपैकी औषध तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, तपासणी आणि मानसोपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारला तर कुणाला राग यायचं कारण नाही. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले असतात. अडचण इथेच आहे. चार शनिवार-रविवारचा कोर्स करूनही "समुपदेशक" अशी पाटी लावणारे भेटतात, त्यामुळे शिक्षण विचारून घ्यावंच लागतं.

रात्र रात्र झोप नाही, आठवडाभर अन्न जात नाही, मरणाचे विचार पाठ सोडत नाहीत, आवाज ऐकू येतात, यातलं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. समुपदेशन त्याच्या जोडीने चालू राहू शकतं. बाकी वेळी समुपदेशकापासून सुरुवात केली तर चालतं. चांगला समुपदेशक गरज वाटल्यावर स्वतःच तुम्हाला पुढे पाठवतो.

पैशांचं आधीच स्पष्ट बोललेलं बरं. मुंबई-पुण्यात खासगी समुपदेशकाची एका सत्राची फी हजारापासून पुढे असते, आणि सत्रं एक-दोन नसतात. अनेक ठिकाणी ऐपतीप्रमाणे फी कमी करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, जसं मुंबईत केईएम किंवा पुण्यात ससून, मनोविकार विभागाची ओपीडी असते. तिथे केसपेपरच्या खर्चात दाखवता येतं. गर्दी असते, बसावं लागतं, दरवेळी तेच डॉक्टर भेटतील याची खात्री नसते. तरीही निदान आणि औषधासाठी ती जागा भरवशाची आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथे पाऊल ठेवलं म्हणजे दाखल करून घेतात, असं नाही. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करते आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवरून समुपदेशन देते.

घरात मारहाण होत असेल तर जागा वेगळी निवडा. "पतीला घेऊन या, दोघांना समजावू" असं म्हणणारी जागा नको. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा केंद्र सुरू केलं, आणि पुढे इतर पालिका रुग्णालयांतही तशी केंद्रं निघाली. तिथल्या ताई आधी तुमच्या जीवाला धोका किती आहे ते बघतात, बाकीचं मागाहून. इतर जिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर असतं, आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पहिला फोन

बहुतेक जण इथे अडतात. फोन उचलला जातो आणि काय बोलायचं ते सुचत नाही. म्हणून कागदावर लिहून ठेवा आणि सरळ वाचून दाखवा: "नमस्कार, मला स्वतःसाठी समुपदेशनाची वेळ हवी आहे. काही महिन्यांपासून झोप आणि कामावर परिणाम झालाय. सविस्तर फोनवर सांगायचं नाही. आधी मला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत." एवढं पुरतं. रिसेप्शनवर "काय प्रॉब्लेम आहे?" असं खोदून विचारलं तर "ते मी मॅडमशीच बोलेन" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

विचारायचं काय? शिक्षण आणि नोंदणी. एक सत्र किती वेळाचं (साधारण ४५ ते ६० मिनिटं) आणि फी किती. आघातातून गेलेल्या माणसांबरोबर काम केलंय का, त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का. या कामासाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) आणि ईएमडीआर (आठवणीवर काम करताना डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी) या पद्धती जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचवल्या आहेत, त्यामुळे ही नावं कानावर पडली तर दचकू नका. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: "मला एखाद्या गोष्टीवर बोलायचं नसेल तर काय?" याचं उत्तर "मग नका बोलू, आपण बघू" असं सहज आलं तर वेळ ठरवा. "मग इलाज कसा होणार?" असं आलं तर आभार माना आणि दुसरा नंबर लावा.

बाई समुपदेशक हवी की पुरुष, मराठीच हवं की कसं, हेही सांगा. रडताना माणूस घरच्या भाषेत रडतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोंकणी, जी तुमची असेल ती निदान समजणारं कुणी मिळालं तर बघा. परदेशात राहणारे बरेच मराठी लोक इथल्या समुपदेशकांशी ऑनलाइन बोलतात. त्यात भाषेची सोय होते, पण रात्री-अपरात्री गरज पडली तर तुमच्या गावात कोण मदत करेल, हे पहिल्याच सत्रात ठरवून घ्या.

ऑनलाइन सत्र इथेही सोयीचं आहे, फक्त जागेचा प्रश्न येतो. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे एकांत कुठून आणायचा? लोक गच्चीवर जातात, पार्क केलेल्या गाडीत बसतात, ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूममध्ये थांबतात. इअरफोन लावा, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं बाहेर जाणार नाही. कुणी आत आलं तर म्हणायचं एक ठरलेलं वाक्य आधीच सांगून ठेवा. "हो, ती फाइल उद्या पाठवते" म्हटलं की समुपदेशकाने विषय बदलायचा. प्रवासात, रिक्षात, चालत चालत हे सत्र घेऊ नका. बोलून झाल्यावर दहा मिनिटं तरी शांत बसायला मिळायला हवीत.

पहिल्या सत्रात

शक्य असेल तर लगेच कामावर परतावं लागणार नाही अशी वेळ घ्या. काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी हे जास्त अंगावर येतं. बरोबर कुणी येणार असेल तर त्यांना बाहेर बसवता येतं.

खोलीत काय घडतं त्यावरून बरंच कळतं. "कुठे बसायला आवडेल?" असं विचारलं जातं का? दार लावण्याआधी "लावलं तर चालेल ना?" असं विचारतात का? बाहेरून क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी आहेत. पण ज्या बाईच्या आयुष्यात बंद दाराआड काही घडलंय, तिच्यासाठी दाराजवळची खुर्ची आणि अर्धवट उघडं दार म्हणजे निम्मं काम असतं. कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. "मला दार दिसेल अशी बसते" एवढं म्हणायला संकोच नको.

मग गुप्ततेबद्दल बोलणं व्हायला हवं, तेही तुम्ही काही सांगण्याआधी. २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने मानसिक आरोग्य सेवेत गुप्ततेचा हक्क दिलाय. त्याला मर्यादाही आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका असेल तेव्हा, किंवा न्यायालयाने मागितलं तर. आज एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं तुमच्या बोलण्यातून कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे आधी माहीत असलं की काय आणि कुठवर सांगायचं ते तुम्हाला ठरवता येतं.

पुढे साधे प्रश्न येतात. झोप कशी आहे, घरी कोण आहे, दिवस कसा जातो, कशाने जास्त होतं, कशाने थोडं बरं वाटतं, आधार कुणाचा आहे. घटनेबद्दल "एक-दोन वाक्यांत, फक्त मथळा सांगितला तरी चालेल" असं म्हणणारा समुपदेशक आपलं काम जाणतो. मी येणाऱ्यांना एक चिठ्ठी आणायला सांगते, तीनच ओळींची: सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, कशावर आज बोलायचं नाही, आणि रडू कोसळलं तर मी काय केलेलं आवडेल. तिसऱ्या ओळीत कुणी लिहितं, "काही करू नका, नुसतं थांबा." कुणी लिहितं, "पाणी द्या, हात लावू नका." ही चिठ्ठी तुम्हीही नेऊ शकता, कुणी मागितली नसली तरी.

देवधर्म, नवस, दर्गा, मठ, अंगात येणं, हे तुमच्या आयुष्यात असेल तर लपवू नका. त्यावर हसणारा माणूस या कामाला योग्य नाही. अनेकांना वाईट काळात त्यानेच तगवलेलं असतं.

बोलता बोलता अंगावर आलं तर

इथे थोडं थांबून सांगते, कारण लोक यालाच सर्वात जास्त घाबरतात आणि खरं कामही इथेच होतं.

समजा एक बाई बोलत आहेत. नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्याबद्दल, आयसीयूच्या बाहेरच्या बाकाबद्दल. वाक्य मध्येच तुटतं. नजर एका जागी स्थिर होते, बोटं पदराशी चाळा करायची थांबतात, श्वास जेमतेम. अशा वेळी समुपदेशकाने "मग पुढे काय झालं?" असं विचारणं ही चूक आहे. जाणकार समुपदेशक आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, ते आपण तिथेच ठेवू. आत्ता तुम्ही या खोलीत आहात, माझ्यासमोर. पाय जमिनीला टेकवता? फरशी गार लागतेय का?" थोड्या वेळाने मान हलते. "पंखा दिसतोय? खिडकीच्या पडद्याचा रंग कोणता आहे?" "निळा." आवाज बारीक असतो, पण येतो. "बाहेर काय ऐकू येतंय?" "भाजीवाला." मग पाण्याचा घोट, खांद्यावरून पदर नीट करणं, एक मोठा उसासा. गोष्ट पुढे सरकलेली नसते. पण बाईंना एक नवी माहिती मिळालेली असते: मी तिथे गेले, आणि तिथून परत येता आलं. पुढच्या वेळी आयसीयूच्या बाकाजवळ दोन मिनिटं जास्त थांबता येतं, ते या माहितीच्या जोरावर.

घाईने जखमेची खपली काढून उपयोग नसतो. आघातानंतर सगळं एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी बरीच चालायची, तिचा फायदा दिसला नाही आणि काहींना त्रासच झाला. म्हणून "एकदा मन मोकळं कर, सगळं बाहेर येऊ दे" हा घरच्यांचा प्रेमाचा सल्ला मला काळजीचा वाटतो. ज्याला परत येण्याची वाट माहीत नाही त्याला इतक्या आत ढकलू नये.

थांबण्याची खूण पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. हात वर करणं, पाण्याची बाटली उचलणं, "बास" म्हणणं, काहीही. ती एकदा वापरून बघा, अगदी फारसा त्रास होत नसतानाही. समोरचा खरोखर थांबतो का, हे तेव्हाच कळतं.

रडणं, थरथरणं, गप्प होणं, मध्येच हसू फुटणं, यातलं काहीही झालं तरी माफी मागायची नाही. पुरुषांना हे विशेष सांगावं लागतं. सत्राची शेवटची दहा मिनिटं जड विषयासाठी नसतात. ती सावरून बाहेर पडण्यासाठी असतात. तशी ती मिळत नसतील तर मागा.

मधले दिवस

पहिल्या सत्राच्या रात्री स्वप्नं पडू शकतात, दुसऱ्या दिवशी अंग जड वाटतं. हे दोन-तीन दिवसांत उतरतं. जास्त झालं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबू नका, फोन करा. सत्रांच्या मधे कधी आणि कसा संपर्क करायचा हे आधी विचारलेलं असावं.

घरी करायला एकच गोष्ट द्यायची तर मी श्वासाची देते. नाकाने सावकाश आत घ्यायचा, मनात चारपर्यंत मोजत. सोडताना सहापर्यंत. जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, आणि तेही बरं वाटत असताना, म्हणजे गरजेच्या वेळी अंगवळणी पडलेलं असतं. डोळे मिटल्यावर नको ते दिसत असेल तर उघडे ठेवा आणि समोरच्या एखाद्या वस्तूकडे बघा. याच कारणासाठी दहा दिवसांच्या मौन शिबिराला या काळात घाईने नाव घालू नका. ध्यानाने अनेकांना शांत वाटतं, पण ताज्या आघातात तासन्तास डोळे मिटून बसल्यावर काहींच्या आठवणी उसळून येतात. समुपदेशकाशी बोलून ठरवा.

बाकी नेहमीचंच: जेवणाच्या वेळा, चालणं, दारू टाळणं, रात्री अपघात-अत्याचाराच्या बातम्या न बघणं. आणि भांडी घासणं, झाडांना पाणी घालणं, दळण आणणं अशी हातांना गुंतवणारी कामं सोडू नका.

घरच्यांना काय सांगायचं

सांगायलाच हवं असं नाही. सांगायचं ठरवलं तर थोडक्यात: "झोपेसाठी आणि टेन्शनसाठी एका मॅडमकडे जातेय. तिथे काय बोलते ते विचारू नका. मंगळवारी संध्याकाळचा स्वयंपाक तेवढा बघा." नेमकी मदत मागितली की घरचे करतात. "मला समजून घ्या" म्हटलं तर त्यांनाही काय करावं कळत नाही.

तुम्ही घरचे असाल आणि हा लेख दुसऱ्या कुणासाठी वाचत असाल, तर एवढं करा: वेळ ठरवून द्या, सोबत जा, बाहेर बसा आणि परतताना "काय म्हणाले?" असं विचारू नका. चहा पाजा.

आरोग्य विम्याबद्दल लोक विचारतात. २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच निकषावर संरक्षण द्यायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, समुपदेशनाची फी त्यात बसत नाही. ओपीडीचं संरक्षण घेतलंय का ते कागदपत्रांत बघा. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत सत्रं असतात. त्याची माहिती एचआरकडे जाते का, हे लेखी विचारून मगच वापरा.

चुकीच्या माणसाकडे आलोय का

समुपदेशक तुम्हाला न विचारता स्पर्श करतो, स्वतःचीच दुःखं सांगत बसतो, फीशिवाय दुसरे व्यवहार सुरू करतो, सत्राबाहेर भेटायला बोलावतो: यातलं काहीही झालं तर पुन्हा जाऊ नका. "त्यांना माफ करून टाका, मोकळे व्हाल" हा आदेश पहिल्या महिन्यात आला तरी मी सावध होईन. माफ करायचं की नाही, हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा प्रश्न आहे आणि त्याला मुदत नसते. "तुम्ही तेव्हा तिथे गेलात कशाला?" या प्रश्नाला तर कुठलीच सबब नाही. समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तीला "बदलून" देतो म्हणणाऱ्यापासून उठून निघून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणं डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय.

वरचं काहीच नाही, तरी सूर जुळत नाही, असंही होतं. तीन-चार सत्रं देऊन बघा आणि तोंडावर सांगा: "मला इथे मोकळं वाटत नाहीये." चांगला समुपदेशक यावर आपली पद्धत बदलतो किंवा दुसरं नाव सुचवतो. न सांगता जाणं बंद करायचाही तुम्हाला अधिकार आहे, पण मग लोक "समुपदेशनाचा आपल्याला उपयोग नाही" असं धरून बसतात, म्हणून सांगून निघा असं मी म्हणते.

कुठवर चालतं

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. आजही या क्षेत्रातले बरेच जण ढोबळमानाने त्याच क्रमाने काम करतात. पहिल्या टप्प्यातच कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला वर्ष. काहींना तेवढंच हवं असतं. झोप लागायला लागली, बेल वाजली तरी दार उघडता आलं, की ते थांबतात, आणि ते योग्यच आहे. काही जण पुढे जातात आणि कधीच न रडलेलं रडतात.

दर पाच-सहा सत्रांनी दोघांनी मिळून आढावा घ्यावा. काय बदललं, काय तसंच आहे, पुढे कशावर काम करायचं. बदल बारीकसारीक गोष्टींत दिसतो: मुलाने पाणी सांडलं आणि आपण फडकं उचललं, ओरडलो नाही. लिहून ठेवा, नाहीतर विसरायला होतं. बरं वाटायला लागल्यावर आठवड्याचं सत्र पंधरा दिवसांवर जातं, मग महिन्यावर, मग थांबतं. शेवटच्या सत्रात कोणत्या तारखा जड जातील ते काढून ठेवा. वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस, पहिला मोठा पाऊस. त्या आठवड्यासाठी एक सत्र आधीच राखून ठेवता येतं.

पुढे कधी परत गरज वाटली तर पुन्हा फोन करा. फोनवर आधी येऊन गेल्याचं आणि साधारण कोणत्या साली ते सांगा. बहुतेक ठिकाणी जुनी नोंद असते, ती आधी काढून वाचायला सांगा, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.